दामूची तांब्याच्या तारेची माशी

दामू गेल्याचं मला फोनवरच्या ग्रुपवर कळलं. ग्रुप आमच्या कंपनीतल्या लोकांचा. त्याच्या फोटोखाली पाच मिनिटांत जोडलेल्या हातांची रांग लागली. निम्म्या लोकांनी ‘ॐ शांती’ लिहिलं... दामू आयुष्यभर प्रत्येकाला ‘जय भीम’ म्हणत भेटला, हे त्यातल्या एकालाही आठवलं नाही. सगळ्या हातांच्या खाली कुणीतरी रविवारच्या गावरान कोंबड्यांची जाहिरातही टाकून दिली होती. मला शिसारी आली. पण खोटं कशाला बोलू, मीही आधी ते हातांचं चित्रच टाकलं आणि मग रडलो. हार्ट अटॅक होता. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

दामू भोसरीत विजेच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं काम करायचा. राहायला संत तुकाराम नगरला. मी आकुर्डीचा आणि धातूच्या भागांना मुलामा देणाऱ्या एका प्लेटिंग युनिटमध्ये सुपरवायझर. आमच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे जायच्या, तिथून आमची दोस्ती. वाइंडरच्या कामाची एक रीत असते. जळालेली कॉइल नुसती कापून फेकायची नाही. ती उलगडायची, वेढे मोजायचे, वहीत लिहायचे आणि त्याच जाडीच्या नव्या तारेनं तितकेच वेढे पुन्हा भरायचे. दामूला जगातली कुठलीही वस्तू समजून घ्यायची ही एकच पद्धत ठाऊक होती.

बारा-पंधरा वर्षांपूर्वी चाकणच्या एका कंपनीत मशीन बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. मोटारीच्या कामासाठी दामूला बोलावलं होतं. साहेबाला मासेमारीचं वेड. रविवारी दामूनं त्याला स्कूटरवर बसवून भामा नदीवर नेलं, धरणाच्या खाली, जिथे पाणी दगडांवरून खळखळत जातं. साहेबाच्या गळाला ना गांडूळ होतं ना कणकेची गोळी. गळावरच दोरा आणि पिसं गुंडाळून केलेली एक खोटी माशी होती. माशी म्हणायची, पण दिसायला नदीवरच्या माशीच्या पिल्लासारखी, पंख फुटण्याआधी पाण्यात दगडाखाली राहतं आणि मासे खातात ते. जाताना साहेबानं त्यातली एक दामूला आठवण म्हणून दिली. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो तर हा पठ्ठ्या चिमट्यानं ती माशी उलगडत बसलेला. पुढ्यात वही.

“अरे, एकच होती ना ती?” मी म्हणालो.

“एकच हाय म्हणून तर मोजतोय, राव.”

साहेबाची माशी गेली ती गेलीच. पण महिन्याभरात दामूची माशी तयार झाली आणि तिच्यात विकतचा म्हणावा असा फक्त गळ होता. छोट्या हँडवाइसच्या पकडीत तो गळ धरायचा. त्याच्या दांडीवर आधी टेबलफॅनच्या मोटारीतली तांब्याची तार घट्ट भरायची. हे वजन. ते नसेल तर माशी वर तरंगते आणि तळाशी चरणारा मासा तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. शेपटीला चिकनवाल्याकडून आणलेल्या कोंबडीच्या पिसाचे तीन केस, शाम्पूनं धुतलेले. अंगाला जुन्या माकडटोपीची तपकिरी लोकर, पिंजून दोऱ्यावर वळलेली. दोरा त्याच्या बायकोच्या, सुमनवहिनींच्या शिलाई मशीनचा. अंगावरून केसासारखी बारीक तार अंतरा-अंतरानं फिरवली की किड्याच्या पोटावरच्या वळ्या दिसायच्या. शेवटी गाठ आणि गाठीवर वहिनींच्या नेलपॉलिशचा थेंब. मग माशी पाण्यानं भरलेल्या बादलीत सोडायची आणि ती किती वेळात तळाला जाते ते बघायचं. रेंगाळली तर पुन्हा उलगडून दोन वेढे जास्त. वहिनी म्हणायच्या, “माझ्या ब्लाउजला हूक लावायला यांना वेळ नाही, किड्याला मात्र पोट लावत बसतात.”

रविवारी आम्ही नदीवर जायचो. वेळूची काठी, दोरी आणि ही माशी. मासा लागला की दामू ओल्या हातानंच धरायचा, गळ काढायचा आणि सोडून द्यायचा. पहिल्यांदा मी चिडलो होतो, घरी बायकोनं मसाला वाटून ठेवला होता. पण त्याला माशाइतकाच दगडांत रस होता. गळ टाकण्याआधी तो पाण्यातला दगड उलटा करून बघायचा. खाली कोणते किडे आहेत, केवढे, कोणत्या रंगाचे. त्याप्रमाणे डबीतली माशी निवडायची. मला ते किडे बघून किळस यायची. आज मला वेगळ्याच गोष्टींची किळस येते.

आमचं युनिट पुढे भोसरीतून चाकणच्या पलीकडे गेलं. मागून एक ओढा जातो आणि तो भामेला मिळतो. प्लेटिंगचं वापरलेलं विषारी पाणी टाकीत साठवायचं आणि टँकरनं प्रक्रियेला पाठवायचं, असा नियम. टँकर यायचा तेव्हा यायचा. टाकी भरली आणि पाऊस लागला की आमचे मालक, शेठ, माझ्याकडे नुसतं बघायचे. व्हॉल्व्हची किल्ली माझ्या खिशात असायची. व्हॉल्व्ह मी उघडायचो आणि टाकी ओढ्यात रिकामी व्हायची. कुणी बंदूक रोखली नव्हती. दुसऱ्या दिवशी डबा उघडून व्यवस्थित दोन पोळ्या खायचो.

दामूला दगडांनीच सांगितलं. दोन पावसाळ्यांपूर्वी तो एकटाच नदीनं वर वर चालत गेला, दर थोड्या अंतरावर दगड उलटत. मग संध्याकाळी माझ्याकडे आला, पँट गुडघ्यापर्यंत ओली.

“नाना, तुमच्या ओढ्याच्या वर नदीत किडे हायेत. खाली एक न्हाई. दगड नुसता बुळबुळीत.”

“मग बरंच की. डास कमी होतील,” मी हसून म्हणालो. हे वाक्य आठवलं की अजून तोंडात कडवट पाणी येतं.

तो हसला नाही. “व्हॉल्व्ह कोण उघडतं?”

“मला काय माहीत... शिफ्टचा कुणी पोऱ्या असेल.”

दामू चहा पूर्ण प्यायला आणि गेला. भांडण नाही, काही नाही. त्यानंतर रविवारी मीच काहीतरी कारण काढू लागलो. कधी लग्न, कधी गुडघा, कधी ओव्हरटाइम. तो फोन करायचा, मग करेनासा झाला. त्याला एकदा खरं सांगायचं, एवढंच करायचं होतं आणि तेवढंच मी केलं नाही.

बुद्धविहारात दामूच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला आमचे शेठ आले. माइक हातात घेऊन म्हणाले, “दामूभाऊंसारखा निसर्गप्रेमी माणूस होणे नाही. नदी हा त्यांचा श्वास होता.” लोक माना डोलवत होते. मग मला बोलायला उभं केलं आणि मी काय बोललो? “आमची मैत्री निर्मळ होती.” शेठनी मागे येऊन माझी पाठ थोपटली. त्यांच्याइतकाच कोडगा माणूस मला घरी जाऊन आरशात दिसला.

पुढच्या आठवड्यात मी किल्ली शेठच्या टेबलावर ठेवली. म्हणालो, “हे माझ्यानं होणार नाही.” ते रागावलेसुद्धा नाहीत. “नाना, दमलात तुम्ही,” म्हणाले आणि माझ्यादेखत किल्ली दुसऱ्या सुपरवायझरला दिली. त्यानं ती खिशात टाकली, मी टाकायचो तशीच. मी सरकारी प्रदूषण खात्याकडे तक्रारअर्ज केलाय, त्यात स्वतःचं नावही लिहिलंय. पोच मिळाली आहे. पुढे काय होईल, कोण जाणे.

मग मी सुमनवहिनींकडे गेलो आणि दामूला जे सांगायचं होतं ते त्यांना सांगितलं. त्या गॅलरीत दामूच्या टेबलापाशी उभ्या होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “त्यांना ठाऊक होतं, भाऊजी. त्याच दिवशी घरी येऊन बोलले, नानाच उघडतो. पण तो सांगेल म्हणाले... येईल आणि सांगेल.”

त्यांनी टेबलावरच्या दोन डब्या माझ्यापुढे सरकवल्या. झाकणावर दामूच्या अक्षरात कागद चिकटवलेले. एकावर ‘ओढ्याच्या वर’. ती अर्धी रिकामी, माश्यांची लोकर विस्कटलेली, वापरून वापरून. दुसऱ्या डबीवर ‘ओढ्याच्या खाली’. ती काठोकाठ भरलेली. एकही माशी पाण्याला लागलेली नव्हती.

“मी विचारायची, तिथं मासा नाही, किडा नाही, मग कशाला करताय? तर म्हणायचे, नाना बोलला की पाणी सुधारेल, मग एकदम कुठून आणू एवढ्या?”

मी खुर्चीवर बसलो. मग विचारलं, “नेऊ का या?”

“ओढ्यात सोडायचं थांबलं का?”

“नाही, वहिनी. किल्ली आता दुसऱ्याकडे आहे.”

त्यांनी ‘ओढ्याच्या वर’ लिहिलेली डबी माझ्या हातात दिली. दुसरीवरची धूळ पदरानं पुसली आणि ती पुन्हा टेबलावर ठेवली.

“मग ही इथंच राहू दे,” म्हणाल्या. “थांबलं की या न्यायला.”