दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

बँडवाल्याला किस्से शोधावे लागत नाहीत. वरात संपवून घरी यावं, गणवेश झटकावा, की एखादा खाली पडतोच! सत्तर सालानंतर गांधीबागेतल्या आमच्या बँडात मी मोठा ढोल वाजवायचो. शाळा चौथीपर्यंत. ठेका मात्र कधी चुकला नाही.

*

दौलतमास्तर आमचे मालक आणि क्लॅरिनेटवाले. प्रताप नगरच्या एका नवरदेवानं त्यांना विलायतेतल्या जुन्या रॉक बँडची एलपी देऊन टाकली. म्हणाला, "मास्तर, याहिचं पहिलंच ऐकाचं. आता बुढे झाले. हे नंतरचं सगळं भंगार!"

मास्तर तेव्हा साठीला आलेले. रेकॉर्ड काखेत धरून म्हणाले, "भंगार आहे का नाही, ते मी पाहतो."

*

दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यावर मास्तरांची मान हलली. मला म्हणाले, "वामन, हिरा आहे गा! लोक शेवटपर्यंत ऐकतच नाहीत, म्हणून राहून गेला." गाणारा लहान पोरासारखा किरकिरायचा. विलायतेत तसंच गात असतील, असं आम्ही समजलो.

गाणं बसवायला घेतलं. तालमीची खोली इस्माईलचाचांच्या तबेल्याला लागून. रोज दुपारी आमची तालीम आणि त्यांच्या घोडीची चंदी एकाच वेळी. चाचा दाणा घालता घालता ओरडायचे, "मास्टर, दूसरा कुछ आता नहीं क्या?"

*

वरातीत मात्र त्या गाण्याला कोणी उभं करेना. सुरू केलं की कोणीतरी हात हलवत यायचं, "हे बंद करा गा, नाचाचं वाजवा!" उमरेडला तर नवरीच्या मामानं काळजीनं विचारलं, "मास्तर, पिपाणी बिघडली काय?"

परतताना मास्तर म्हणाले, "वामन, एका माणसानं म्हटलं पाहिजे, 'मास्तर, तेच पुन्हा वाजवा.' मंग क्लॅरिनेट खुंटीले टांगतो."

मी म्हटलं, "मंग तुम्ही शंभर वर्षं वाजवता!"

*

रेल्वेतले एक गार्ड, पीटरसाहेब, तालमीला आले. ऐकून हसत सुटले. "मास्टर, ये तो रोने का गाना है! तुम लोग भगा रहे!"

पाहिलं तर रेकॉर्डच्या मशीनचा वेगाचा काटा तेहेतीसऐवजी पंचेचाळीसवर. रेकॉर्ड पहिल्या दिवसापासून पळत होती! आम्ही सगळे मास्तरांकडे पाहत राहिलो.

मास्तर शांतपणे म्हणाले, "वो बुढे हो गये, साहेब. मैं नहीं हुआ."

काटा तिथंच राहिला.

*

मग एका कापडवाल्या शेटजींच्या पोराची वरात. चाचांची घोडी, वर नवरदेव, पुढे आम्ही. फटाक्यांनी घोडी बिथरली आणि भर रस्त्यात खांबासारखी उभी राहिली. चाचांनी लगाम ओढला, पाहुण्यांनी मागून रेटलं. आम्ही नाचाची होती नव्हती ती सगळी गाणी वाजवली. घोडी ढिम्म. तिकडे मुहूर्त टळून राहिला!

मास्तर माझ्याकडे वळले. "वामन, आपलं घे."

मी ठेका धरला. क्लॅरिनेट सुरू झाली. घोडीनं कान टवकारले आणि निघाली की! मास्तरांच्या खांद्याला तोंड लावून सरळ मागे मागे.

चौकात गाणं संपलं. घोडी पुन्हा उभी.

शेटजी धावत आले. फेटा सुटलेला. मास्तरांपुढे हात जोडून म्हणाले, "मास्तर, थांबू नका! तेच! तेच पुन्हा वाजवा!"

मास्तरांनी सावकाश ओठ पुसले.

"फर्माईश समजू काय, शेटजी?"