पुढची दोनच चाकं

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. शुभाला माझं सगळं माहीत आहे: माझं घोरणं, माझी भित्री स्वप्नं, नोकरी जाणार म्हणून मी एकदा बाथरूममध्ये रडलो होतो तेही. हे एक सोडून. आणि विषय तरी काय, तर गाडीचे टायर. एका छोट्या गाडीला थंडीसाठी कुठले टायर घ्यायचे आणि कुठली चाकं, एवढंच. कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. कारण यातला नेमका कुठला भाग माझा गुन्हा आहे, हेही मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

आम्ही तेव्हाही ओहायोतल्या डब्लिनमध्येच राहायचो, कोलंबसच्या शेजारी. निखिल माझ्याच ऑफिसातला, नाशिकचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. पुढे त्याने फिरतीची नोकरी धरली. सोमवारी पहाटे विमान, गुरुवारी संध्याकाळी परत. त्याची बायको वैदेही. ती मायक्रोबायोलॉजी शिकलेली, पण डिपेंडंट व्हिसावर चार वर्षं घरात बसून होती. मग तिला काम करायची परवानगी मिळाली, आणि महिन्याभरात एका अन्नपदार्थ तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरीही. लॅब घरापासून वीस मिनिटांवर होती आणि तिकडे जाणारी बस नव्हती. म्हणून तिने गाडी शिकून घेतली आणि एक जुनी, लाल, छोटीशी हॅचबॅक घेतली. दोन मोठ्या एसयूव्हींच्या मध्ये पार्क केली तर दिसायचीच नाही, इतकी छोटी.

तिला गाडी चालवायला किती आवडायचं, हे मी सांगितलंच पाहिजे. मी मुद्दाम सांगतोय. ती मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी यायची. शुभाला म्हणाली होती की या देशात आल्यापासून पहिल्यांदाच कुठेतरी जायला कुणाला विचारावं लागत नाही.

आता माझ्याबद्दल. आमच्या ग्रुपमध्ये गाडीचं काही असलं की लोक मला विचारायचे. आवाज कसला येतोय, हा दिवा का लागला, ही गाडी घेऊ की ती. मला त्यातलं थोडं कळायचं. थोडंच. उरलेलं मी बोलण्याच्या पद्धतीने भरून काढायचो. हे मला तेव्हा माहीत होतं का? होतं बहुतेक. म्हणजे असं बघा, आपल्याला येत नाही हे माहीत असतं, पण ते माहीत असणं आपण कुठेतरी मागच्या खोलीत ठेवून देतो. तसं काहीसं.

नोव्हेंबर संपता संपता निखिलने ग्रुपवर विचारलं की वैदेहीच्या गाडीला विंटर टायर घ्यावेत का. मी लगेच लिहिलं. घ्यावेत, कारण ऑल-सीझन टायरचं रबर थंडीत कडक होतं. पण चार कशाला? गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह आहे, इंजिनचा जोर पुढच्याच चाकांना. पुढे दोन टाका, पुरे. मागची चाकं काय, नुसती मागून येतात. — सात-आठ जणांनी अंगठे दिले. निखिलने लिहिलं, "मिलिंददादा, तुम्हीच तिला घेऊन जाल का? मी डॅलसला आहे."

शनिवारी निखिल परत आल्यावर आपण सगळे जाऊ, असं मी म्हणू शकलो असतो. नाही म्हटलं. मंगळवारीच गेलो. मी, वैदेही आणि काकू. काकू म्हणजे निखिलची आई, सहा महिन्यांसाठी आली होती. घरात एकटी बसून काय करू, मीही येते म्हणाली.

दुकानात काउंटरवर साठीच्या पुढचा एक माणूस होता. मी माझं सगळं ज्ञान तिथे मांडलं. पंधरा इंची काळी स्टीलची चाकं हवीत, आहेत तशी चंदेरी अलॉय नको, टायर अरुंद चालेल, बर्फात अरुंदच बरा. वैदेही माझ्याकडे कौतुकाने बघत होती. मग दाराजवळ बसलेल्या काकूला गरम पाणी हवं म्हणून वैदेही कोपऱ्यातल्या कॉफीच्या मशीनकडे गेली. तेवढ्यात मी म्हणालो की दोनच हवेत, पुढे लावायला.

त्या माणसाने मान हलवली. रागावला नाही तो. त्याने खिशातलं बॉलपेन काढून काउंटरवर आडवं ठेवलं. पुढच्या टोकावर बोट दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने मागचं टोक हळूच ढकललं. पेन गर्रकन फिरलं. म्हणाला, पुढचं पकडेल, मागचं पकडणार नाही, वळणावर गाडीची शेपटी पुढे येईल. चार घ्या. दोनच लावायचे असतील तर मी इथे लावून देणार नाही. आणि हळू आवाजात म्हणाला की गाडी त्या बाई चालवणार असतील तर त्यांना हे सांगा.

मला ते कळलं. हे महत्त्वाचं आहे. त्याचं इंग्रजी कळलं नाही, घाईत ऐकलं नाही, असं काहीही मला म्हणता येत नाही. पेन फिरताना मी बघितलं होतं.

वैदेही कागदी कप घेऊन परत आली. तिने विचारलं, "काय म्हणत होते ते?"

मी म्हणालो, "काही नाही गं. चार खपवायला बघतोय."

ती हसली. मीही हसलो. का म्हणालो मी असं? कितीदा विचारलंय स्वतःला. ग्रुपवर लिहिलं होतं म्हणून? ती कौतुकाने बघत होती म्हणून? की तोंडातून जे आधी निघालं ते निघालं, आणि पुढे सगळं आयुष्य मी त्याला कारणं जोडत बसलोय? खरंच समजत नाही. दोन टायर चाकांवर चढवून घेतले, मागची सीट पाडून गाडीत टाकले, आणि म्हणालो, घरी मी लावतो, त्यात काय आहे.

त्यांच्या ड्राइव्ह-वेवर मी जॅक लावला. काकू स्टीलच्या वाटीत नट धरून उभी होती. काम झाल्यावर तिने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, पुढे काळी, मागे चंदेरी, असंच असतं का रे? मी म्हणालो, असंच असतं काकू.

त्याच संध्याकाळी घरी मी इंटरनेटवर वाचलं. जिथे जिथे बघितलं तिथे त्या माणसाचंच म्हणणं होतं. मग पाच आठवडे गेले. पाच आठवडे! रोज सकाळी ऑफिसला जाताना वाटायचं, आज निखिलला फोन करू. चुकलो रे, अजून दोन घ्यायला हवेत, बस. पण बर्फ पडला नव्हता. थंडी कोरडी होती. मग वाटायचं, पडेल तेव्हा बघू. आणि मी सांगणार तरी काय होतो — चुकलो, की माहीत असून बोललो नाही? पहिलं सांगायला निघालो की दुसरं आड यायचं.

जानेवारीतला बुधवार. वैदेही कामाला जाता जाता काकूला लायब्ररीत सोडायची. तिथे चार-पाच भारतीय आजी-आजोबा जमायचे. रात्री पाऊस पडून गोठला होता. आमच्या गावात सिग्नलपेक्षा राउंडअबाउट, म्हणजे गोल फिरून जायचे चौक, जास्त. त्यातल्या एकात ती शिरली, हळूच, आणि गाडीची मागची बाजू बाहेर फेकली गेली. उजवी बाजू दिव्याच्या खांबावर आदळली. उजवीकडे, म्हणजे इथे ड्रायव्हरच्या शेजारी, काकू बसली होती.

वैदेहीने पहिला फोन मला केला. मी हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा काकूला आत नेलं होतं. खांद्याचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं. वैदेहीला खरचटलंही नव्हतं. ती दोन्ही हातांनी हवेत स्टीअरिंग धरून मला दाखवत होती, पुन्हा पुन्हा.

"दादा, मी वळवलं तिकडेच गाडीचं तोंड होतं. मागून कुणीतरी ढकलल्यासारखं झालं. मागे तर कुणीच नव्हतं."

काउंटरवरचं ते पेन मला दिसत होतं. मी तिला पाणी आणून दिलं.

निखिल संध्याकाळच्या विमानाने आला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला: टायर ठीक होते ना? मी म्हणालो, नवेकोरे होते रे. खोटं नव्हतं ते. पण तेवढ्यावर मला थांबवेना, की भीती वाटली, कोण जाणे — मी म्हणालो, "ब्रेक दाबला असणार तिने. नवीन लोक दाबतातच."

वैदेहीने माझ्याकडे बघितलं. विचार केला. खरंच विचार केला तिने, तिच्या कपाळावर तो दिसत होता. मग म्हणाली, "दाबला असेन."

दोन दिवसांनी शुभाला सांगताना तिचं वाक्य बदललं होतं. मी ब्रेक दाबला, असं. महिन्याभरात तर कुठल्या क्षणी दाबला, किती जोरात, पायाखाली कसं जाणवलं, सगळं तिला आठवत होतं. एखाद्याच्या डोक्यात जाऊन तिथली वस्तू उचलून दुसरी ठेवून यावं, तसं मी केलं होतं. हॉस्पिटलमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, एका वाक्यात.

इथे थांबलो असतो तरी एक वेळ — नाही, एक वेळ काहीच नाही. पण मी थांबलोही नाही.

गाडीचं दार बदलून झालं तेव्हा गॅरेजमधून ती आणायचं काम मी अंगावर घेतलं. वाटेत आणखी दोन चाकं घेतली, तीच काळी, त्याच टायरची, आणि माझ्या घरी नेऊन गाडीच्या मागच्या बाजूला लावली. निखिलने विचारलं तर सांगितलं, मागचे टायर जुने झाले होते, बदलून टाकले, माझ्याकडून भेट. त्याने मला मिठी मारली. मला वाटलं होतं की यामुळे थोडं हलकं वाटेल. का वाटलं असेल असं?

त्या रविवारी चांगला चार इंच बर्फ पडला. निखिल मुद्दाम गाडी घेऊन फिरून आला. मी त्यांच्याकडेच चहा घेत होतो. तो बूट झटकत आत आला आणि म्हणाला, काय मस्त चालते यार, रुळावरून गेल्यासारखी. मग वैदेहीकडे वळून म्हणाला, अगदी प्रेमाने, तिला धीर द्यावा तसं, "बघ, गाडीत काहीच दोष नव्हता."

मी तिथेच होतो. कप हातात होता. बोलायचं तर तेव्हाच. एक वाक्य लागलं असतं. वैदेही मान हलवून ओट्याकडे गेली आणि मी साखर कमी आहे असं काहीतरी म्हणालो. बहुतेक. नक्की काय म्हणालो ते आठवत नाही. काहीतरी म्हणालो एवढं खरं.

तिने पुन्हा गाडी चालवली नाही. लॅबमधली एक मैत्रीण काही आठवडे तिला न्यायला यायची. मग मैत्रिणीची शिफ्ट बदलली आणि वैदेहीने नोकरी सोडली. काकूचा उजवा हात खांद्यापर्यंतही वर जाईना. तिचे केस लांब होते, अंबाडा ती स्वतः घालायची. मार्चमध्ये वैदेहीने बाथरूममध्ये स्टूलवर बसवून ते कापून दिले. एप्रिलमध्ये काकू परत गेली. जायच्या आधी नाशिकला कुणाशी तरी फोनवर बोलताना मी ऐकलं: अगं, सुनेच्या हातून झालं, पण बोलू नका तिला काही, नवी होती गाडीला. काकूने सुनेला मनापासून माफ केलं होतं, आणि त्या वेळी मी काकूची बॅग बांधत होतो.

मी कधीकधी डोकं लावतो. चार टायर असते तरी त्या बर्फावर गाडी घसरली नसती कशावरून? काळा, काचेसारखा बर्फ होता. कुठलाच टायर काही करत नाही म्हणतात. असेलही. मग मी ते मानायला लागतो, आणि मग आठवतं की वैदेहीला हे असं डोकं लावायची संधीच मिळाली नाही. तिला फक्त ब्रेक आठवतो. काय खरं, काय किती माझ्यामुळे, मला आजही सांगता येत नाही. पण मी काय म्हणालो ते सांगता येतं.

दोन वर्षांनी निखिलला पश्चिम किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्यात नोकरी लागली, बॉथेलला. सामान ट्रकमध्ये चढल्यावर वैदेही माझ्यापाशी आली. पाया पडायला वाकली, मी अडवलं.

ती म्हणाली, "दादा, तुम्ही सगळं इतकं नीट करून दिलं होतंत. मीच..."

"असू दे गं," मी म्हणालो.

असू दे. म्हणजे मी तिला माफ केलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती गाडीत जाऊन बसली, निखिलच्या शेजारच्या सीटवर.

आता त्याला चार वर्षं झाली. दिवाळीला फोन होतो. तिकडे ती पुन्हा एका लॅबमध्ये जाते, दोन बस बदलून, सव्वा तास जायला आणि सव्वा तास यायला. तिकडे पाऊस फार, बर्फ क्वचितच. तरी ती चालवत नाही. लायसन्स फक्त ओळखपत्र म्हणून जवळ ठेवते, असं निखिल हसत सांगतो, आणि मी इकडे हसतो.

तिने ब्रेक दाबला नव्हता. पहिल्या दिवशी तिने मला बरोबर सांगितलं होतं, आणि ते बरोबर आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.