आटलेल्या विहिरीकडे येणारी पावलं

भूतंखेतं, भानामती असलं काही मी मानत नाही. आजही नाही! वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच घरातला अंगारा-धुपारा गेला. वर माझी नोकरी संरक्षण संशोधनातली... जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नसतंच. म्हणूनच या प्रकाराची इतकी चीड येते.

ऐंशीच्या दशकातला दुष्काळ. सीमेवर जमिनीत पुरायचा सेन्सर आम्ही बनवत होतो – सिरॅमिकची रुपयाएवढी चकती. वरून कोणी चाललं की दाब बसतो, बारीकसा करंट निघतो आणि ग्राफवर पेन हलतं. ऐन उमेदीची वर्षं मी त्यात घातली होती. चाचणीला कडक, निर्मनुष्य जमीन हवी होती, आणि वाशी तालुक्यातल्या माझ्या गावात त्या साली ती हवी तेवढी होती. गावाबाहेरची जुनी विहीर आटलेली, तिकडे कुणी फिरकत नव्हतं. गावापासून विहिरीपर्यंत चकत्या पुरल्या.

भर दुपारी पेन हललं. पावलं... तीन-चार माणसांची. समोर सगळं रान उघडं, चिटपाखरू नाही! पावलं विहिरीकडे आली आणि बरीच अलीकडे थांबली. शेवटच्या चकत्या गप्प.

"तेरखेड्याच्या कारखान्यात फटाक्यांची दारू उडवत असतील," आमचे प्रमुख म्हणाले.

"सर, स्फोटाचा एकच धक्का येतो. हा चालीचा ठेका आहे."

"मग चालणारा दाखवा!"

वायर बदलली, बॅटरी बदलली, चकत्या उकरून पुन्हा पुरल्या. दुसऱ्या दुपारी तेच. डोकं फुटायची वेळ आली. सरांनी बजावलं, "उद्या पुन्हा झालं तर फॉल्स अलार्म लिहून प्रकल्प बंद."

आणि झालंच. आई भाकरी घेऊन आली तेव्हा मी यंत्राला शिव्या घालत होतो.

"कुठं थांबत्यात?" तिनं विचारलं. मी जागा दाखवली. तिनं भाकरीचं फडकं खाली ठेवलं.

"तितंच थांबायचो आमी. तुज्या जल्माआदी. हिरीला हात लावायचा न्हाय. घागरी घिऊन हुबं ऱ्हायाचं, कुणी वरून वाढंल तवर. लई येळ..."

"आई, हे आता नको गं. माझं काम बुडतंय!"

तिनं ऐकलं नाही. आमचा पाण्याचा डबा उचलला, त्या जागी गेली आणि टँकरचं ते पाणी जमिनीवर ओतलं. मी ओरडलो. ती तिथंच, न हलता उभी.

पेन हललं. पावलं परत निघाली, गावाकडे. रेघा आधीपेक्षा उंच... म्हणजे ओझं वाढलेलं. सरांनीही पाहिलं. तरी त्यांनी फॉल्स अलार्मच लिहिलं आणि माझा प्रकल्प बंद पडला.

यंत्र खरं म्हणावं तर तिथं माणसं होती म्हणावं लागतं. नव्हती म्हणावं तर यंत्र खोटं, आणि ते खोटं नव्हतं हो! आता मी रिटायर झालो, उत्तर नाही ते नाहीच.

त्या दिवशी सामान आवरताना आईनं विचारलं, "फाल्स अलारम म्हंजी काय रं?"

"कुणी नसताना कुणीतरी आहे असं सांगणं," मी वैतागून म्हणालो.

"कुणी नसताना?" रिकामा डबा काखेत मारत ती म्हणाली, "आमी व्हतोच की तितं. तवा तरी कुणाला दिसत व्हतो?"