बस दारावरून जाते, नात पायी जाते

माझी नात मी सकाळी, चांगल्या उजेडात, चहा पिता पिता हरवली.

देवपुरातल्या आमच्या घरापासून शाळा एक किलोमीटरच्या आत. एवढ्या जवळच्या पोरांना बस नाही, असा शाळेचा नियम. बस मात्र रोज आमच्याच दारावरून धूळ उडवत जायची! मी मोठ्या बाईंना तोंडावर म्हटलं, "जवळ म्हणजे कोणाला जवळ? सहा वर्षांच्या पोरीच्या पायांनी मोजा की! मधल्या रस्त्याला वाळूचे डंपर पळतात, ते काय नियम वाचून थांबतात?" बाई हसल्या. बस काही मिळाली नाही.

आधी रेणूला तिची आजी सोडायची. आजी गेली आणि ते काम माझ्याकडे आलं. (मुलगा-सून सातलाच कामावर जातात. रिकामा मीच.) पण घरात दुःख झालेल्या माणसाला आमच्याकडे कोणी नुसतं पुढे जाऊ देत नाही. दिसला की बसवायचं, चहा पाजायचा, गेलेल्या माणसाचं चांगलं बोलायचं. मध्येच उठलात तर अपमान! वाटेवर ओळखीची घरं सहा. शाळा येईपर्यंत माझ्या पोटात चहाचं धरण!

त्या दिवशी शोभाअक्कांनी हाक मारली, "आबा, या, बसा." रेणू बाहेर पायरीवर बसली. अक्कांनी पुढ्यात भाजलेली बिबडी ठेवली. ज्वारीचा साधा पापड तो. मी तुकडा मोडला.

"वहिनीसना हातनी शे, आबा. उन्हायामा करी ठेयेल."

म्हणजे रेणूच्या आजीनेच उन्हाळ्यात केलेली! मग मला उठवेना. डोळ्यांतलं पाणी थांबेना. (तिखट लागलं, असं मी सांगितलं. बिबडीत तिखट नव्हतंच!)

बऱ्याच वेळाने भानावर आलो, तर दप्तर माझ्या मांडीवर आणि पायरी रिकामी!

"पोर कोठे गई?" मी ओरडलो. शोभाअक्का लाटणं घेऊन निघाल्या (कोणाला मारणार होत्या, त्यांनाच ठाऊक). समोरचे नाना अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस, तसेच धावले. माझ्या एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात अक्कांची! जो भेटेल तो विचारायचा, "काय व्हयनं?" आणि उत्तर न ऐकताच मागे पळायचा. डंपरचा रस्ता आला आणि मी डोळे मिटून घेतले. रस्त्याकडे बघायची हिंमत होईना. नानांनीच पाहिलं. "काहीच नही आबा, रस्ता साफ शे. चला!"

आमची वरात शाळेत शिरली. रेणू पहिल्या बाकावर, मजेत! रस्त्याच्या कडेला तिला एकटी पाहून बसमधल्या मावशींनी बस थांबवली होती, खाली उतरून तिला उचलली होती आणि नियम राहिला बाजूला, मांडीवर बसवून आणली होती.

मी तडकलो. "माले सांगं का नही?"

"तुम्ही आजीसाठे रडी राह्यनात ना. म्हनीसन हाक मारी नही."

नानांनी गालावरचा फेस पुसला. लाटणंसुद्धा खाली आलं.

मोठ्या बाईंनी त्याच दिवशी ठरवलं. लहान वर्गातली पोरं कितीही जवळची असू देत, बस थांबणार. आधीच ऐकायला हवं होतं, हेही त्या माझ्यासमोर बोलल्या. मी मावशींच्या पायांशी वाकलो, तर त्या मागे सरकल्या. "आबा, काय करतस! मी तुमनी पोरसारखी शे." त्या बाईचे उपकार माझ्याच्यानं या जन्मी फिटायचे नाहीत.

सोमवारी बस दाराशी उभी. गल्लीतली चार चिल्लीपिल्ली चढली. रेणू हलेना.

"चाल ना वं!" मावशी म्हणाल्या.

"मी बसमा गई, तं आबाले कोन लई जाई?"

बस गेली. आम्ही आपले पायी. कोणी चहाला बोलावलं की रेणूच ओरडते, "आबा सांजले येतीन!" आणि मला ओढते. लहानपणी मास्तर घरी येऊन ओढायचे, तरी मी शाळेत जात नव्हतो. चौथीत कायमचीच सुटली. आता पहिलीतली पोर बोट धरून नेते, आणि माझा एकही खाडा नाही!