मुद्दाम आऊट

नव्या महिला क्रिकेट संघात माझी निवड झाली आणि बुटांचं माप विचारायला संघाकडून फोन आला, तेव्हाच अण्णांना संशय आला. "पायाचं माप कशाला पायजे त्यांना?" माझे वडील पाथर्डीत जीप चालवतात. फुकट काही मिळतं, यावर त्यांचा विश्वास नाही.

लीगमधला आमच्या संघाचा तो पहिलाच मोसम. अण्णा जीप बंद ठेवून माझ्यासोबत पुण्याला आले. आम्ही हरत राहिलो, तरी हॉटेलातलं जेवण काही कमी होईना. "हरल्यावर बी एवढं खाऊ घालत्यात? यात कायतरी हाय," ते म्हणाले.

शेवटचा सामनाही हरलो, पण त्यात मी समोरच्या सलामीच्या फलंदाजाचा त्रिफळा उडवला. सामना संपल्यावर अण्णांनी तिलाच गाठलं.

"पोरी, खरं सांग. मुद्दाम आऊट झालीस व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचे तर डोळेच भरून आले.

"काका, मुद्दाम कोण आऊट होतं? यंदा माझ्या धावाच होत नाहीयेत. आता मला संघातून काढतील."

 गावी परतताना माझ्या विकेटबद्दल अण्णांनी चकार शब्द काढला नाही. करंजी घाट उतरल्यावर मात्र हळूच म्हणाले, "खरंच काढतील का गं तिला?"