मालिकेतली विधवा आणि वरच्या वहिनी

दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये दर रविवारी सकाळी टीव्हीसमोर गर्दी व्हायची. आमचा टीव्ही रंगीत होता, आणि जिन्यातली तिन्ही मराठी घरं एकाच मालिकेच्या नादी लागली होती. त्या मालिकेत शाळेत शिकवणारी एक तरुण विधवा होती. तिथलाच एक शिक्षक तिच्यात गुंतला होता. त्यांचं लग्न व्हावं की नाही, यावरून पोह्यांच्या बशा हातात घेऊन लोक भांडायचे.

सगळ्यात चढा आवाज वरच्या वहिनींचा. त्यांचे यजमान म्हणजे माझ्या नवऱ्याचे साहेब, त्यामुळे आमच्या घरात त्यांचं बोलणं कुणी खोडून काढत नसे. त्यांना ती नटीच पसंत नव्हती. विधवेचा चेहरा इतका टवटवीत कसा, असं त्या दर रविवारी विचारायच्या. लेखकाला तर त्या शिव्याच घालायच्या. तळमजल्यावरच्या काकांना लग्न व्हायला हवं होतं, पण तो शिक्षक त्यांना अगदीच बुळा वाटायचा. दुसरा नट घ्यायला हवा होता, असं त्यांचं ठाम मत.

माझी धाकटी बहीण तेव्हा आमच्याकडे राहायची. लग्नानंतर थोड्याच काळात तिचा नवरा रस्त्यावरच्या अपघातात गेला. मी तिला नागपूरहून दिल्लीला आणलं आणि तिनं इथं एका ऑफिसात नोकरी धरली. तिथला एक लखनौचा सहकारी तिला अधूनमधून स्कूटरवरून सोडायला यायचा. ते सगळ्या बाल्कन्यांना दिसत होतं. दोघांचं ठरलंय, हे मात्र फक्त मला आणि माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं.

एका रविवारी मालिकेतल्या विधवेनं त्या शिक्षकाला होकार दिला. वहिनींनी बशी खाली ठेवली.

"असल्या बायकांना गेलेल्या माणसाची जराही चाड नसते," त्या म्हणाल्या. मग मागे भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या बहिणीकडे वळल्या. "तुला काय वाटतं गं? तुला तर अनुभव आहे."

बहीण या वादात कधीच पडायची नाही. त्या दिवशी मात्र ती शांतपणे बोलली. "तिनं बरोबर केलं, वहिनी. मीही तेच करणार आहे."

वहिनींनी माझ्या नवऱ्याला विचारलं, की हे तुम्हाला मान्य आहे का. तो बशीत बघत म्हणाला, की तिनं अजून नीट विचार केलेला नाही. खरं तर त्याच्याच समोर आम्ही सगळं ठरवलं होतं. वहिनींच्या प्रश्नापेक्षा मला त्याच्या उत्तराचाच जास्त संताप आला. मी उठून टीव्ही बंद केला.

"वहिनी, तुम्ही वर जा आता," मी म्हणाले.

नवऱ्यानं मला हळूच दटावलं. मी तेच पुन्हा म्हणाले. त्या गेल्या, पाठोपाठ बाकीचेही गेले. नंतर कितीतरी दिवस नवरा माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. त्याला साहेबांची चिंता होती आणि ती तो लपवतही नव्हता.

पुढे काही आठवड्यांनी मालिकेच्या लेखकानं त्या शिक्षकाला बसच्या अपघातात मारून टाकलं. आता आम्ही घरचेच बघत होतो. बहीण शेवटपर्यंत बसली आणि मग कपडे वाळत घालायला उठली. तेवढ्यात बेल वाजली. दारात वहिनी, हातात शिऱ्याची वाटी. लेखकाला अखेर अक्कल आली, म्हणून मुद्दाम केलाय, असं त्यांनी सांगितलं.

बहिणीनं वाटी घेतली. जिन्यातल्या कचऱ्याच्या डब्यात शिरा उपडा केला, आत जाऊन वाटी घासली, पुसली आणि त्यांच्या हातात परत दिली. वहिनी लालबुंद होऊन वर गेल्या. मला इतकं बरं त्या घरात फार कमी वेळा वाटलं असेल.

लग्न कोर्टात झालं. नवऱ्यानं नेमकी त्याच दिवसांत टूर काढली. साक्षीदार म्हणून माझ्याबरोबर तळमजल्यावरच्या काकांनी सही केली. नवरामुलगा बघून ते माझ्या कानात म्हणाले, "हा बुळा नाही हं." बहीण आणि तिचा नवरा आता गुरुग्रामला असतात. माझा नवरा त्यांच्याकडे जेवायला जातो आणि लग्नाचा विषय निघाला की दुसरंच काहीतरी बोलतो.

वहिनी आणखी काही वर्षं वरच होत्या. जिन्यात समोर आल्या की भिंतीकडे तोंड करायच्या, मीही करायचे. संक्रांतीला त्यांनी माझ्या हातचं हळदीकुंकू घेतलं नाही. त्यांची बदली झाली तेव्हा खाली ट्रक लागला होता आणि जिन्यातली सगळी घरं त्यांना चहा-नाश्ता नेऊन देत होती. नवरा म्हणाला, निदान आज तरी वर जा. मी म्हणाले, चहा तुम्हीच करा आणि तुम्हीच न्या. त्याला चहा धड करता येत नसे. तरी त्यानं केला आणि नेला.