सतरा नंबरची ओळ

"आधी पान पाय, मंग बोंबल!"

आमच्या भात संशोधन केंद्रात नवीन आलेल्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी सरांचं हे वाक्य ऐकलेलं असे; 'पाय' म्हणजे पाहा. सर मूळचे सानगडीकडचे, पिकांच्या रोगांचे शास्त्रज्ञ. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. पानावर डाग दिसला की पान न तोडता ते उन्हाकडे वळवत, एक डोळा मिटत आणि पाहतच राहत. तोवर आपण चिखलात उभं राहायचं.

तुम्हीही असा माणूस कुठे ना कुठे पाहिला असेल. इतरांना तो चक्रम वाटतो, आणि शहाणे कोण हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

सर रोगाची शेती करत. खरंच. एका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, निरनिराळ्या धानांचे पऱ्हे टाकायचे, म्हणजे रोपं वाढवायची, आणि सभोवती चटकन करपणारं एक वाण लावायचं. वर युरिया जास्त, संध्याकाळी पाण्याचा फवारा. करपा हा बुरशीचा रोग पाहुण्यासारखा बोलवायचा. काठच्या ओळी जळून राखाडी व्हायच्या आणि सर खूश. मी वीस वर्षं त्यांच्या हाताखाली प्लॉट सांभाळला, तरी सुरुवातीला मलाही हे वेडच वाटायचं.

"सर, रोग मुद्दाम काहून लावता?"

"चोर आल्याबिगर पहारेकरी जागा आहे का झोपला, कसं समजन गा?"

एका वर्षी सतरा नंबरच्या ओळीत आसगावच्या एका म्हातारीचं धान होतं. तिच्या सासूच्या वेळचं. तीन वर्षांपूर्वी दुकानातलं बियाणं घरात आलं, तेव्हापासून ते मडक्यात पडून होतं, त्यातही उंदरांनी वाटा घेतलेला. उरलेल्या दोन मुठी तिने सरांच्या रुमालात बांधून दिल्या. बी जुनं, म्हणून सरांनी सगळंच पेरलं. उगवली ती कशीबशी एक ओळ.

काठचं वाण करपलं. शेजारच्या ओळींवरही लांबट, राखाडी डाग पडले. सतरावर मात्र टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी ठिपके, बस. मला वाटलं, हीही गेली.

"आधी पान पाय!" सर ओरडले. मग भिंग माझ्या हातात देऊन हळू आवाजात समजावू लागले. "बुरशी पानात घुसली का आपली प्रथिनं सोडते, पानाचा पहारा झोपवाले. पण या धानाजवळ एक प्रथिन असं आहे का ते चोराले वळखते. वळखलं का तेवढ्या पेशी सोताहून मरून जातात. बुरशीले सुरुवातीले जितीच पेशी पायजे. मेलेल्यात ते अडकून बसते. हा ठिपका रोगाचा नाई गा, रोग अडवल्याचा आहे."

बुरशीही रूप बदलते, म्हणून कालचं टिकणारं वाण आज करपतं. त्या वर्षीच्या बुरशीला ओळखणारी ती एकच ओळ होती. रोवणीला ही रोपं वेगळ्या बांधीत लावायची आणि म्हातारीला टोपलीभर धान परत करायचं, असं ठरलं. मग सर नमुने घेऊन दोन दिवस नागपूरला गेले.

आणि इकडे मोठ्या पाहुण्यांची भेट ठरली. केंद्रप्रमुख बांधीवर आले, नाकाला रुमाल लावून. करप्याला वास नसतो, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. "भात केंद्रात रोगट भात? लोक काय म्हणतील? सगळं उपटा आणि हिरवं काहीतरी लावा."

मी म्हणालो, "साहेब, ही ओळ रोगट नाही."

"मला डाग दिसतात."

शिकल्यासवरल्या माणसाने हे बोलावं! माझ्या खिशात फोन होता. सरांना लावायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी लावला नाही. साहेबांसमोर मीच वाकून सतरा नंबर उपटली. दुसऱ्या बांधीतली हिरवी रोपं आणून तिथे खोचली. पाहुणे आले, फोटो काढले, पोहे खाल्ले आणि गेले. भिंग कोणी मागितलं नाही.

सर आले. उठसूट ओरडणारा तो माणूस त्या दिवशी ओरडला नाही.

"सतरा कोनं उपटली?"

"मी, सर."

ते उकिरड्याकडे गेले आणि उपटलेल्या ढिगात हाताने चाचपत राहिले. कडक ऊन होतं, सगळी रोपं वाळून गेली होती. मग म्हणाले, "चाल, आसगावले."

म्हातारी ओसरीवर बसली होती. सरांनी चप्पल काढली, तिच्यासमोर उकिडवे बसले. "माय, आणखी थोडंसं धान असन का?"

"आता कुठचं, बाबू? होतं तेवढं तुमालेच देल्लं. तुमीच म्हणलं ना, सरकारात जपून राहीन म्हणून."

सरांनी तिला माझं नाव सांगितलं नाही. साहेबांचंही नाही. "माझ्याच्यानं जपून राह्यलं नाई, माय," एवढंच बोलले.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. गेल्या हिवाळ्यात गेले. करपा दर पावसाळ्यात येतोच, आणि मला अजून साहेबांचा राग येतो. त्याहून जास्त माझा.

त्या भेटीचा फोटो केंद्राच्या व्हरांड्यात लावलेला आहे. हिरव्यागार ओळीपाशी मी हसत उभा आहे. आणि आत कपाटात सरांची वही आहे. तिच्यात सतरा नंबरचं एक वाळलेलं पान चिकटवलेलं, ठिपके अजून स्पष्ट दिसतात. खाली त्यांच्या अक्षरात लिहिलंय : 'टिकलं. आसगावच्या मायले टोपलीभर परत देणे.'